मुखपरीक्षा

शरीरांत उद्भवणाऱ्या बहुतेक दारुण व्याधि मनुष्याच्या दृष्टीआड वाढतात. यकृतांत काय चाललें आहे, फुप्फुसांत काय चाललें आहे, हें घरच्या माणसांस तर नाहींच, पण स्वतः रोग्यासहि कळत नाहीं. तें पाहण्यासाठीं यंत्रें लागतात आणि तीं यंत्रें चालविणारे तज्ज्ञ लागतात. मुखाची गोष्ट निराळी आहे. बोलण्याजेवण्यासाठीं आपण तें दिवसांतून शेंकडों वेळां उघडतों. सकाळीं दांत घासण्याच्या निमित्तानें आरशासमोर उभे राहतों. एक आरसा, एक विजेरी आणि दोन स्वच्छ बोटें एवढ्या साहित्यानिशीं त्याचा बहुतेक कोनाकोपरा पाहतां येतो. असें असूनहि मुखाचा कर्करोग आपल्या देशांत बहुधा उशिरां, आणि पुष्कळदां फारच उशिरां, ओळखला जातो. जो रोग उघड्या डोळ्यांना दिसूं शकतो तोच डोळ्यांआड कां राहतो, आणि तो वेळींच दिसावा म्हणून प्रत्येक घरानें काय करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय अप्रिय आहे, हें आम्ही जाणतों. ज्या मासिकांत पाकक्रियेपासून काव्यापर्यंत सर्व कांहीं घरांतील लहानथोर मिळून वाचतात, तेथें अशा रोगाचें नांव काढणेंहि कित्येकांस अशुभ वाटेल. परंतु नांव न काढल्यानें रोग दाराबाहेर थांबत नाहीं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत ओंठ व मुख यांच्या कर्करोगाचे सुमारें १ लक्ष ४३ हजार नवे रोगी भारतांत आढळले आणि सुमारें ८० हजार माणसें त्या रोगानें मृत्यु पावलीं. त्याच वर्षीं सर्व जगांत मिळून असे नवे रोगी सुमारें ३ लक्ष ८९ हजार होते. म्हणजे जगांतील दर तीन रोग्यांपैकीं एकाहून अधिक आपल्या देशांतील! भारतीय पुरुषांना होणाऱ्या सर्व प्रकारच्या कर्करोगांत त्या वर्षीं याचाच क्रमांक पहिला लागला.

हें ज्ञान आजकालचें आहे असेंहि नाहीं. त्रावणकोर संस्थानांत विडा चघळणाऱ्यांच्या तोंडास होणाऱ्या कर्करोगाविषयीं ऑर नांवाच्या डॉक्टरांचा निबंध 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत १९३३ सालींच छापला गेला. १९४१ च्या फेब्रुवारींत मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीनें एक हजार रोग्यांचा आढावा घेऊन १९४४ सालीं तो प्रसिद्ध केला. तेव्हांपासून कारण ठाऊक, स्थान ठाऊक, लक्षणें ठाऊक; तरी रोगी दवाखान्यांत येतो तो उशिरांच. वैद्यांचें ज्ञान वैद्यांपाशीं राहिलें. तें माजघरांत पोंचलें नाहीं.

आमच्या मतें या उशिराचें सर्वांत मोठें कारण एकच आहे: आरंभीं हा रोग बहुधा दुखत नाहीं. आपण सर्वजण वेदनेच्या शाळेंत शिकलेले आहों. दांत ठणकला कीं दंतवैद्याकडे धांवावें, पोटांत कळ आली कीं डॉक्टरांस बोलवावें. जें दुखत नाहीं तें गंभीर नाहीं, असा आपला सहज समज. जीभ चावली गेली, तिखटानें तोंड आलें, गरम चहाचा टाळूस चटका बसला, तर तो साधा व्रण चांगलाच झोंबतो. आणि आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप भरून येतो. कर्करोगाचा व्रण याच्या उलट वागतो. तो प्रथम झोंबत नाहीं आणि भरूनहि येत नाहीं. दुखूं लागतो तेव्हां तो पुष्कळदां खोल गेलेला असतो. यास्तव जें झोंबतें त्याची काळजी करावी आणि जें झोंबत नाहीं तें सोडून द्यावें, हा नेहमींचा नियम मुखापुरता तरी उलटा करून घेतला पाहिजे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ होते. व्यासंगी, नियमित, रोज प्रातःकालीं फिरावयास जाणारे. भोजनोत्तर चिमूटभर तंबाखू चुन्याबरोबर मळून डाव्या गालांत धरण्याची त्यांची चाळीस वर्षांची संवय. गालाच्या आंत एक खरखरीत पांढरा चट्टा त्यांच्या जिभेला लागे. पुढें त्या जागीं लहानशी चीर पडली. "दुखत नाहीं ना, मग डॉक्टरांकडे कशास जावयाचें?" असें ते पत्नीस म्हणत. दिवाळीच्या सुमारास जाणवलेली ती चीर त्यांनीं डॉक्टरांस दाखविली ती आषाढांत, जेव्हां तोंड पुरतें उघडेना आणि मानेंत गांठ आली तेव्हां. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, जबड्याचा कांहीं भाग गेला. दीड वर्षानें ते निवर्तले. त्यांच्या पत्नी पुढें एकच वाक्य पुनःपुन्हां बोलून दाखवीत: "अहो, एकदां आ करा, मी बघतें, असें म्हणावयाचा धीर मला कधीं झाला नाहीं." त्या घरांत विद्वत्ता होती, पथ्य होतें, व्यायाम होता, तोंडांत डोकावून पाहणारें माणूस तेवढें नव्हतें.

विद्वान् माणसें अशा प्रसंगीं शहाणपणानें वागतात असें कोणी समजूं नये. मनोविश्लेषणशास्त्राचे जनक सिग्मंड फ्रॉइड हे स्वतः डॉक्टर होते. चिरुटाचें त्यांना भारी व्यसन. १९२३ च्या आरंभीं आपल्या तोंडांत उजव्या बाजूस, जबडा व टाळू यांपाशीं, एक वाढ त्यांना आढळली. कित्येक आठवडे त्यांनीं ती कोणास सांगितली नाहीं. एप्रिलांत पहिली शस्त्रक्रिया करविली तीहि घरीं न सांगतां. रक्तस्राव झाला तेव्हां कुटुंबीयांस कळलें. पुढील सोळा वर्षांत त्यांच्यावर तिसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या; काढून टाकलेल्या टाळूच्या जागीं कृत्रिम पट्टी बसवून त्यांना बोलावें व जेवावें लागे. १९३९ च्या सप्टेंबरांत ते लंडन येथें वारले. इतरांचें अंतरंग उघडून पाहणाऱ्या पुरुषास स्वतःचें मुख उघडून दाखविणें इतकें जड गेलें, तर सामान्यांची काय कथा!

आतां कारणांकडे वळूं. आपल्या देशांत हा रोग गालाच्या आंतल्या बाजूस आणि हिरडी व गाल यांमधील खोबणींत विशेषेंकरून होतो. पाश्चात्त्य देशांत तो जिभेवर अधिक आढळतो. ही भिन्नता कशामुळें? आपल्याकडे तंबाखूची चिमूट, विडा, गुटखा, मावा जेथें दाबून धरतात तेंच रोगाचें स्थान होतें. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम भागांत कित्येक स्त्रिया चुट्टा नांवाचा चिरूट पेटतें टोंक तोंडांत धरून ओढीत आल्या आहेत. त्यांना रोग होतो तो टाळूस. निखारा जेथें, भाजणें तेथें, असा हा सरळ न्याय आहे. तंबाखूंत नायट्रोसामाइन नांवाचीं कर्करोगजनक द्रव्यें असतात. चुन्यानें तोंडाच्या आंतील त्वचेस क्षोभ होतो आणि तंबाखूचा अंमल अधिक लवकर चढतो. बिडी आणि सिगारेट याच पंक्तींत बसतात; आणि मद्याची जोड मिळाली म्हणजे तंबाखूचा धोका बेरजेनें न वाढतां गुणाकारानें वाढतो.

स्त्रियांचा या गोष्टीशीं संबंध नाहीं असें मानूं नये. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दांतांस लावणाऱ्या स्त्रिया देशावर व कोंकणांत आजहि आहेत. तपकिरीनें दांत घासणाऱ्या आज्या सुशिक्षित घरांतहि आपण पाहिल्या आहेत. २०१६-१७ सालीं झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढ माणसांपैकीं शेंकडा २४ लोक तंबाखू चघळणारे किंवा दांतांस लावणारे निघाले. ओढणारे शेंकडा ४ हूनहि कमी होते. महाराष्ट्राच्या व्यसनाचें घर छातींत नसून तोंडांत आहे, असा याचा अर्थ.

कांहीं मंडळी या सर्वांवर परंपरेचें पांघरूण घालतात. तांबूल हें मांगल्याचें चिन्ह, असें म्हणतात. आणि त्या तांबुलाच्या आडून तंबाखू आंत शिरते. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, म्हणून एवढें निश्चयानें सांगूं शकतों कीं, प्राचीन संस्कृत ग्रंथांतील तांबुलांत पान आहे, सुपारी आहे, चुना व कात आहे, कर्पूर, लवंग, कंकोळ, जायफळ आहे, तंबाखू नाहीं. ती मूळची अमेरिका खंडांतील वनस्पति. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. अकबर बादशहाचा वकील असद बेग हा १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून परतला तेव्हां त्यानें तंबाखू नेऊन दरबारांत सादर केली, आणि तेथें ती अपूर्व वस्तु ठरली. १६१७ सालीं जहांगिरानें तिच्या सेवनास मनाई केली. जिला आपण सनातन समजतों त्या वस्तूचें आपल्या देशांतील वय पांचशें वर्षांचेंहि नाहीं.

येथवर वाचून निर्व्यसनी वाचक म्हणेल, "आमच्या घरांत तंबाखू येतच नाहीं, जेवणानंतर सुपारीचें एक खांड तेवढें." त्यासच आम्हांस विशेष सांगावयाचें आहे. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९८५ सालीं तंबाखूयुक्त विडा कर्करोगजनक ठरविला होता. तिनेंच २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारी हींहि मनुष्यास कर्करोगजनक असल्याचा निर्णय दिला. सुपारींतील अरेकोलीन प्रभृति द्रव्यांमुळें गालाच्या आंतील मऊ त्वचेखालीं तंतु सांठत जातात. त्वचा फिकी व ताठ होते, बोटास दोऱ्या लागल्यासारखें वाटतें. तिखट सोसेनासें होतें. आणि हळूहळू तोंड उघडेनासें होतें. डॉक्टर यास सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ सालीं पूर्व आफ्रिकेंत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्यें या विकाराचें वर्णन झालें. पुढल्याच वर्षीं मुंबईंतूनहि तसेंच वर्णन आलें. हा स्वतः कर्करोग नव्हे, पण त्याची पूर्वावस्था होऊं शकतो. आणि एकदां जडलेला ताठरपणा पुरता मागें फिरत नाहीं. गोड, सुगंधी सुपारीचीं पुडकीं मुलांच्या हातीं खाऊ म्हणून देणाऱ्या आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें. पूजेंत सुपारी गणपति म्हणून मांडावी, तिला वंदन करावें, आणि वंदनावरच थांबावें.

काय पाहावयाचें, हें आतां क्रमानें सांगतों. (१) दोन आठवडे लोटूनहि न भरणारा व्रण, मग तो दुखो वा न दुखो. (२) पुसल्यानें न जाणारा पांढरा चट्टा. (३) मखमलीसारखा लाल, अथवा लाल-पांढरा मिश्र चट्टा. हा नुसत्या पांढऱ्याहून अधिक धोक्याचा. (४) ओंठांत, गालांत वा जिभेंत हाताला लागणारी गांठ किंवा जाडी. (५) तोंड उघडण्यास, जीभ हलविण्यास अथवा गिळण्यास होऊं लागलेला अडथळा. (६) कारणावांचून हलूं लागलेला दांत, वारंवार येणारें रक्त, किंवा पूर्वीं नीट बसणारी कवळी आतां न बसणें. (७) ओंठास वा हनुवटीस आलेला बधिरपणा, आणि जबड्याखालीं अथवा मानेंत आलेली न दुखणारी गांठ. यांतील एखादें चिन्ह दिसलें म्हणजे कर्करोगच झाला, असें मुळींच नाहीं. बहुतेकदां कारण साधेंच निघतें. परंतु तें साधें आहे हें ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे, तज्ज्ञाचा आहे.

कोठें पाहावयाचें, याचा क्रम लावण्यास आम्हांस सुश्रुताचार्यांचें साहाय्य घ्यावेंसें वाटतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगून त्यांचीं सात स्थानें दिलीं आहेत: ओंठ, दंतमूळ, दांत, जिह्वा, तालु, कंठ आणि सर्व मुख. तालूच्या रोगांत 'अर्बुद' हें नांवहि आहे. त्या काळच्या संज्ञा व आजचें निदान यांची सरमिसळ आम्ही करूं इच्छीत नाहीं. परंतु एकहि जागा विसरूं नये म्हणून ही यादी उत्तम आहे.

दिवसाउजेडीं खिडकीजवळ, अथवा विजेरी घेऊन, आरशासमोर बसावें. हात धुवावे, कवळी असल्यास काढावी, चूळ भरावी. प्रथम ओंठ: बाहेरून, आणि मग उलटून आंतून. दुसरें दंतमूळ: गाल बोटानें बाजूस ओढून हिरड्या व गालालगतची खोबण शेवटच्या दाढेपर्यंत पाहावी, आपल्या देशांतील रोगाचें मुख्य आसन तेंच. तिसरें दांत: हलणारा दांत कोणता, तुटून धारदार झालेला कोणता, धारदार दांत जीभ वा गाल सतत कापीत असेल तर दंतवैद्याकडून तो गुळगुळीत करून घ्यावा. चवथें जीभ: बाहेर काढून तिचा पृष्ठभाग पाहावा, स्वच्छ रुमालानें टोंक धरून दोन्ही कडा पार मागेंपर्यंत पाहाव्या, मग जीभ वर उचलून तिची खालची बाजू व तिच्याखालचा तळ पाहावा. पांचवें टाळू: मान मागें कलती करून. सहावें कंठ: 'आ' असा दीर्घ उच्चार करीत पडजीभ व तिच्या दोन्ही बाजू. सातवें सर्व मुख: एक बोट आंत व एक बाहेर ठेवून दोन्ही गाल चांचपावे, आणि शेवटीं जबड्याखालचा भाग व मान दोन्ही बाजूंनीं चांचपून पाहावी. याबरोबर आणखी एक सोपी परीक्षा करावी. स्वतःचीं मधलीं तीन बोटें एकावर एक अशीं उभीं धरून पुढच्या दांतांमध्यें सहज जातात कीं नाहीं, हें पाहावें. जात नसतील तर दंतवैद्यास दाखवावें. या सर्वांस पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. व्यसन मुळींच नसलेल्या थोड्या लोकांसहि हा रोग होतो. म्हणून पाहावें सर्वांनींच, व्यसनी माणसानें अधिक कसोशीनें.

नुसतें पाहिल्यानें काय होणार, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर केरळानें दिलें आहे. ज्या त्रावणकोरांतून १९३३ चा तो निबंध आला, त्याच मुलुखांत, तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत, १९९६ च्या सुमारास एक मोठा प्रयोग सुरू झाला. तेरा पंचायती निवडल्या. सातांत प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन ३५ वर्षांवरील माणसांचीं तोंडें ठराविक वर्षांनीं पुनःपुन्हां पाहत. सहांत नेहमींचीच व्यवस्था ठेविली. दोन्ही गटांत मिळून सुमारें १ लक्ष ९० हजार माणसें होतीं. पाहणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले पदवीधर होते. २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्यें मुखकर्करोगानें होणारे मृत्यु, तोंडें पाहिलेल्या गटांत शेंकडा ३४ नीं कमी झाले होते. पंधरा वर्षांच्या अखेरीस केलेल्या हिशेबांत ही घट शेंकडा २४ भरली. निर्व्यसनी लोकांत असा लाभ दिसला नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पण ज्यांना धोका अधिक त्यांच्यापुरतें तरी एवढें सिद्ध झालें कीं, उजेड आणि शिकविलेले डोळे एवढ्या साधनांनीं जीव वांचतात. अर्थात् घरच्या पाहण्यानें तज्ज्ञाच्या पाहण्याची जागा घेऊं नये. वर्षांतून एकदां दंतवैद्यास तोंड दाखवावेंच. तसेंच ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांची मुखतपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत व्हावी, अशी योजना केंद्र सरकारनें २०१६ सालीं आंखून दिली आहे, तिचाहि लाभ घ्यावा.

संशय आल्यास डॉक्टर त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयास सांगतात. येथें दुसरा अडथळा उभा राहतो. 'सुरी लागली कीं रोग पसरतो' हा समज सुशिक्षितांतहि खोल रुजलेला आहे. तो निराधार आहे. तुकडा तपासल्यानें रोग पसरत नाहीं. न तपासतां, लेप लावीत आणि गुळण्या करीत घालविलेल्या महिन्यांत तो खचित पसरतो. आरंभीं, म्हणजे दोन सेंटिमीटरांच्या आंत असतां, सांपडलेला रोग पुष्कळदां एका शस्त्रक्रियेनें आटोपतो आणि अशा रोग्यांपैकीं बहुसंख्य पांच वर्षांनंतरहि हयात असतात; तो मानेंत व हाडांत शिरल्यावर शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधोपचार हें सर्व करूनहि निम्मे रोगी वांचविणें कठीण जातें. खर्चाचें, चेहऱ्याच्या विद्रूपतेचें व वाचेच्या हानीचें प्रमाणहि त्याच पटीनें वाढतें. टाटा स्मारक रुग्णालयांतील शल्यतज्ज्ञांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा दाखला घ्यावा. आरंभींच्या अवस्थेंतील ज्या रोग्यांच्या मानेंतील ग्रंथि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळींच काढल्या, त्यांपैकीं शेंकडा ८० तीन वर्षांनंतर हयात होते. पुढें गांठ दिसली तर मग काढूं, असें धोरण ज्यांच्या बाबतींत ठेविलें, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ६७.५ होतें. शस्त्रक्रियागृहाच्या आंतसुद्धां वाट पाहणें महाग पडतें; मग घरांत वाट पाहण्याची किंमत काय असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

आमच्या मतें सर्वांत अवघड भाग यापुढेंच आहे, आणि तो संकोचाचा. आपल्या घरांत वडील माणसांचा मान राखतात. सुनेनें सासऱ्यांस, मुलानें आईस 'तोंड उघडून दाखवा' असें म्हणणें मर्यादेस सोडून वाटतें. त्यांतून घरांतील वडिलांची तंबाखू सर्वांस ठाऊक असून तिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं, अशीच बहुतेक घरांची रीत. मग व्यसनाची लाज आणि रोगाची भीति या दोघी मिळून तोंडाला कुलूप घालतात. हें कुलूप उघडण्यास युक्ति लागते. दुसऱ्या एका परिचित घरांत आजींस तपकिरीनें दांत घासण्याची जुनी संवय होती. नात दंतवैद्यकाच्या वर्गांत शिकत होती. ती एके दिवशीं म्हणाली, "आजी, मला परीक्षेचा सराव करायचा आहे, तुझें तोंड दाखव पाहूं." आजी हंसल्या: "अग, माझ्या तोंडांत आतां दांत तरी किती राहिलेत!" पण नातीचा हट्ट म्हणून खिडकीशीं बसल्या. खालच्या हिरडीलगत बोटाच्या पेराएवढाहि नसेल असा लाल-पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासला, तो आरंभींचा कर्करोग ठरला. शस्त्रक्रिया होऊन आजी थोड्याच दिवसांत घरीं आल्या. त्या गोष्टीस सात वर्षें झालीं. आजी आजहि दिवाळींत चकल्या स्वतः तळतात, आणि मऊ करून का होईना, खातात. तो चट्टा आजींना एक दिवसहि दुखला नव्हता.

ही दृष्टि आपल्या कुटुंबापुरती ठेवूं नये. घरीं कामास येणाऱ्या बाई मशेरी लावतात, हें आपणांस माहीत असतें. त्यांच्या गालांत व्रण आहे असें कळलें तर एक दिवसाची रजा देऊन, जमल्यास घरांतील कोणी सोबत जाऊन, त्यांस रुग्णालयांत दाखवावें. हें दान कोणत्याहि पर्वकाळच्या दानाहून उणें नाहीं.

व्यसन सोडण्याविषयीं उपदेश करून वाचकांस कंटाळा आणण्याची आमची इच्छा नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१२ च्या जुलैंत गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली; २०१६ पासून तंबाखूच्या पुड्यांवर शेंकडा ८५ भागावर रोगाचें चित्र छापावें लागतें. श्री. शरद पवार यांच्या मुखावर २००४ सालीं या रोगासाठीं शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनीं तंबाखूच्या व्यसनाविरुद्ध जाहीरपणें सांगितलें. श्री. आर. आर. पाटील यांचें याच रोगानें २०१५ च्या फेब्रुवारींत, वयाच्या ५७ व्या वर्षीं निधन झालें. इतकें पाहूनहि ज्याची तंबाखू सुटत नाहीं, त्यास दुबळा म्हणून हिणवूं नये. निकोटिनाचें बंधन खरोखरच बळकट असतें. त्यास मदत द्यावी. पुड्यावरच १८००-११-२३५६ हा निःशुल्क साहाय्याचा क्रमांक छापलेला असतो. पुडी फेंकण्यापूर्वीं तेवढा उतरून घ्यावा. सोडल्यापासून धोका वर्षागणिक उतरत जातो, म्हणून 'आतां या वयांत सोडून काय उपयोग' हें म्हणणें बरोबर नाहीं.

वाचकांस आमचें मागणें लहान आहे. हें मासिक दरमहा घरीं येतें. अंक आला कीं त्या दिवशीं, जेवणाआधीं, घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें खिडकीशीं बसून वर सांगितलेलीं सात स्थानें पाहावीं. ज्यास स्वतःचें नीट दिसत नाहीं त्याचें दुसऱ्यानें पाहावें. दोन आठवड्यांनीं न भरलेला व्रण, न पुसला जाणारा चट्टा, न दुखणारी गांठ यांपैकीं कांहीं आढळल्यास पुढील अंकाची वाट न पाहतां तज्ज्ञाकडे जावें. आजी-आजोबांपासून आरंभ करावा, आणि मुलांनीं पाहिलें तर फारच बरें; नातवंडांसमोर आ करावयास कोणी लाजत नाहीं.